चौदा वर्षांच्या राजाचा दत्तक

"सर, ह्यो राजा चौदा वर्सांचो आसताना मेलो. मगे तेणा दत्तक कसो घेतल्यान?"

पणजीतल्या प्लॅन-प्रिंटच्या दुकानात दिपालीनं हे विचारलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते, आणि कृष्णनाथला क्षणभर वाटलं की ती दुसऱ्याच कुणाशी बोलते आहे. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. ती होती, भिंतीला लागून असलेलं लांबोळकं स्कॅनर होतं, आणि टेबलावर त्याचा कागद पसरला होता. रशियाच्या रोमानोव्ह राजघराण्याची अख्खी वंशावळ, सोळाशे तेरापासून एकोणीसशे सतरापर्यंत, प्रत्येक नाव वर रशियन अक्षरांत आणि खाली देवनागरीत. पाच आठवड्यांचं काम. एकतीस वर्षं खाण कंपनीच्या कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून घालवलेल्या माणसाचं, त्यामुळे डाग नाही, खाडाखोड नाही, अक्षर छापल्यासारखं. दिपाली मये गावची, म्हणजे त्याच्या डिचोलीच्या शेजारची. सहा वर्षं ती त्याच्या कागदांच्या प्रती काढून देत होती आणि सहा वर्षांत "किती कॉपी?" याखेरीज तिनं त्याला काही विचारलं नव्हतं. आज मशीनमधून आलेल्या प्रतीवर तिनं बोट ठेवलं. बोटाच्या वर एक झाड होतं, बोटाच्या खाली दुसरं झाड होतं, आणि मध्ये चार बोटं कोरा कागद. मशीननं काहीतरी खाल्लं असं तिला वाटलं. खाल्लं नाही, तिथं पातळ शाईची तुटक रेघ आहे, मशीनला दिसली नसेल, तुटक रेघ म्हणजे दत्तक, असं कृष्णनाथनं तिला समजावलं, आणि समजावल्याबद्दल त्याला थोडं बरंही वाटलं. मग तिनं वाकून सालं वाचली. वरचा दुसरा पीटर सतराशे पंधरा ते सतराशे तीस. खालचा तिसरा पीटर जन्म सतराशे अठ्ठावीस. तिचे ओठ हलले आणि तो प्रश्न आला. "चौदा वर्सांचो बापूस," ती म्हणाली, "आणि दोन वर्सांचो झिल. सर, लगीन तरी जाल्ला काय तेचा?"

लग्न झालं नव्हतं. ठरलं होतं, लग्नाच्या दिवशीच पोरगा देवीच्या आजारानं गेला होता. त्याच्या मुलीनं, प्रतीक्षानं, आणून दिलेल्या टिपणात ते होतं. कृष्णनाथनं कागद गुंडाळला. गुंडाळताना त्याचे हात नेहमीसारखे सावकाश चालले, पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. दिपालीनं हसून घेतलं, ते खवचटपणे नव्हे, एखाद्याच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात लागलेलं दिसावं तसं. आपण गेल्या तीस वर्षांत तीनशेच्या वर वंशावळी काढल्या, डिचोलीत, पेडण्यात, साखळीत, कुणाच्या बापाची आपल्याला चूक दाखवायची टाप नव्हती, आणि आज एका मुलीनं सालं वाचून दाखवली. ती चूक त्याला कागद काढतानाच दिसली होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट. सतराशे तीसला झाड वाळलं होतं. वरून येणाऱ्या एकाही रेघेला खाली जायला वाट नव्हती, आणि खाली तर तिसऱ्या पीटरचा मुलगा पाव्हेल, त्याचे चार मुलगे, मग पुन्हा चार मुलगे, अशी गच्च भरलेली फांदी वाट बघत होती. अशा वेळी आपल्याकडे जे असतं तेच असणार, असं हातानं ठरवलं आणि तुटक रेघ मारून टाकली. डोक्याला विचारलंच नाही.

डिचोलीच्या बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. गुंडाळी गुडघ्यांमध्ये उभी धरून तो बसला आणि बस मांडवीवरच्या पुलावर चढली तेव्हा त्याला स्वतःचंच हसू यायला लागलं. चौदा वर्षांचा राजा, पाळण्यातला दत्तक, आणि भटजी कुठला आणला असेल? पण हसू पर्वरीपर्यंतच टिकलं. चूक कुठून झाली हे त्याला कळत होतं. ती त्याच्या धंद्याच्या बरोबर मध्यात होती. कृष्णनाथ दोन प्रकारचे कागद काढायचा. एक वारसाचे. कुणी वारलं की वाटणीच्या दाव्याला वंशावळ लागते, आणि गोव्याच्या कायद्यात मुलगी मुलाइतकीच वाटेकरी, पोर्तुगीजांच्या वेळेपासून. त्यामुळे त्या कागदावर मुली असायच्या, जावई असायचे, मुंबईला पळून गेलेलीही असायची, कारण एखादी जरी राहिली तरी ती दहा वर्षांनी वकील घेऊन येते. दुसरे कागद कुळाचे. घराण्याच्या पुस्तिकेचे, देवळाच्या उत्सवात कोणी कुठं उभं राहायचं त्याचे, मानाचे. त्यांत मुली नसायच्या. मुलगी जन्मली तर लिहायची नाही, ज्याला मुलगा नाही त्याच्या नावाखाली एक लहान पोकळ गोल काढायचा, म्हणजे शाखा खुंटली. दत्तक घेतला तर तुटक रेघ. हा नियम कुणी केला हे त्यानं कधी विचारलं नव्हतं, जसं उत्तर दिशा वर का असते हे खाणीच्या नकाशावर कुणी विचारत नाही. रशियाच्या राजांचा कागद घरी आला त्या दिवशी त्यानं मनाशी एकच प्रश्न केला होता: हा वारसाचा की मानाचा? आणि राजे म्हणजे मानाचाच, असं म्हणून प्रतीक्षानं लिहून आणलेल्या यादीतल्या सगळ्या मुलींवर त्यानं पेन्सिलीनं एकेक आडवी रेघ मारली होती. त्र्याहत्तर रेघा.

प्रतीक्षा त्याची मुलगी, एकुलती, एकतीस वर्षांची. पेडणे तालुक्यात मांद्र्याला एका गेस्ट हाऊसच्या काउंटरवर बसते आणि तिथल्या पाहुण्यांकडून ऐकून ऐकून रशियन इतकं बोलते की कृष्णनाथला फोनवर ती कुणा तिसऱ्याच घरची वाटते. तिथंच गालिना म्हणून एक पन्नाशीची बाई बारा वर्षं राहते आहे. किनाऱ्यावरच्या रशियन कुटुंबांची मुलं आणि गावातलीही काही मुलं जमवून संध्याकाळी इतिहास-भूगोल शिकवते. तिला वर्गाच्या भिंतीवर लावायला वंशावळ हवी होती. प्रतीक्षा म्हणाली होती, माझे बाबा काढतील, बाबांसारखी अख्ख्या गोव्यात कोणी काढत नाही. हे वाक्य तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा कृष्णनाथ चहा पीत होता, आणि कप खाली ठेवायचं विसरून तो तसाच धरून बसला होता. पुढचे पाच आठवडे त्यानं चैन केली. ही माणसं त्याला परकी वाटेनातच. आजाचं नाव नातवाला, अगदी आपल्यासारखं. निकोलाय इतके, की सकाळी हाक मारली तर अर्धा वाडा ओ देईल. आणि भावाभावांच्या शाखा फुटल्या की त्यांना बापाच्या नावानं ओळखायचं: कॉन्स्टान्टिनचे ते कॉन्स्टान्टिनोविची, मिखाईलचे ते मिखाईलोविची, व्लादिमिरचे ते व्लादिमिरोविची, आणि आतून सगळ्यांचं एकमेकांशी बिनसलेलं. कृष्णनाथच्या मूळ गावी, आमोण्याला, वयलें घर, मदलें घर आणि माडाकडलें घर, म्हणजे वरचं, मधलं आणि माडाजवळचं, अशा तीन शाखा होत्या आणि उत्सवात आधी आरती कुणी घ्यायची यावरून माडाकडले अठरा वर्षं वयल्यांशी बोलले नव्हते. त्यानं विमलाला, बायकोला, सांगितलंही होतं, की हे लोक बर्फातले आमोणेकर आहेत.

अस्नोड्याच्या अलीकडे बस थांबली तेव्हा त्यानं फोन लावला. पलीकडे काउंटरवरची घंटी, कुणीतरी रशियनमध्ये काहीतरी मागत होतं, प्रतीक्षा "एक मिनिट बाबा" म्हणाली आणि मिनिटानं परत आली.

"तो तिसरो पीटर," कृष्णनाथ हळू म्हणाला, शेजारचा प्रवासी ऐकत असल्यासारखा, "तो कोणाचो?"

"थोरल्या पीटरच्या चेडवाचो. आनाचो. आना लगीन करून जर्मनीत दिलली, थय हो जाल्लो, मगे मावशेन हाडून रशियेत राजा केल्यान. मावशी म्हणजे एलिझाबेथ, तीय थोरल्या पीटरचाच चेडू. यादीत सगळा लिवलला मां मी."

"लिवलला." पीटरच्या मुलीचा मुलगा, यादीत होता.

"मगे?"

बस सुरू झाली. खिडकीतून वाळत घातलेल्या मिरच्यांची एक चटई मागे गेली.

"बाबा," प्रतीक्षा म्हणाली, "तुमी चेडवां काढलातच नाय?" आणि मग ती हसायला लागली. तिचं हसणं लहानपणापासून असंच, आधी आवाजच नाही, मग एकदम. "पयलो मिखाईल राजा कसो जाल्लो, तेच्या आजाची भयण अनास्तासिया झारची रानी म्हणान. मधी अर्ध्या शंभर वर्सांपरास जास्त बायलांचाच राज्य. पुढे पाव्हेलान आवशीवयल्या रागान कायदो केल्यान, की आदी झिल, म्हणतत. शेवटच्या राजाक चार चेडवां, धाकटेचा नाव परत अनास्तासिया. बाबा, ह्या सगळा काडून टाकल्यार उरला काय तुमच्या कागदार?"

"टोपये," कृष्णनाथ म्हणाला, म्हणजे नुसत्या पुरुषांच्या टोप्या, आणि ती आणखी हसली. आज लवकर निघते, पाचला पोचते, मग दोघं मिळून बघू, असं म्हणून तिनं फोन ठेवला. त्याला वाटलं होतं ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं, मुलगी रागावली की बापाला उत्तरं सुचतात. आणि पाच वाजता ती येणार होती, म्हणजे खोलीत टेबलावर लावलेला दुसरा कागद तिला दिसणार होता.

तो दुसरा कागद त्याच्याच घराण्याचा होता. पंचवीस वर्षांपूर्वी जाड ड्रॉइंग शीटवर त्यानं तो पहिल्यांदा काढला आणि दर जन्मामरणाला त्यात भर घातली. अकरा पिढ्या, दोनशे चौदा पुरुष. आता घराण्याची पुस्तिका निघत होती आणि उद्या, शुक्रवारी सकाळी, त्याचा चुलतभाऊ गौरेश तो छापखान्यात न्यायला येणार होता. गौरेश पुस्तिकेच्या समितीचा चिटणीस, साठीचा, प्रत्येक गोष्टीची दोन वेळा खात्री करणारा. त्यानंच महिन्यापूर्वी विचारलं होतं, दादा, तुझ्या नावाखाली काय ते घालून टाक, मोकळं बरं दिसत नाही. आणि कृष्णनाथनं घातलं होतं. आयुष्यात निदान दीडशे लोकांच्या नावाखाली त्यानं तो पोकळ गोल काढला होता. कुणाच्या डोळ्यात पाणी आलं तर चष्मा पुसायच्या निमित्तानं मान फिरवली होती. स्वतःचा काढताना हात जरासुद्धा हलला नाही याचं त्याला त्या दिवशी कौतुक वाटलं होतं. दोन मिलिमीटर व्यासाचा, अगदी स्वच्छ. आता बसमध्ये तो गोल त्याच्या डोळ्यांपुढे आला आणि तो त्याला प्रतीक्षाच्या वयाचा वाटला. हे कागदावर नुसतं गोल काढणं नव्हतं. आपल्याला मूल झालं, ते रांगलं, त्याला गोवर आला, त्यानं म्हापशाच्या बाजारात आपलं बोट सोडलं आणि आपण वेड्यासारखे अर्धा तास धावलो, यातलं काहीही झालं नाही, असं आपण आपल्या हातानं लिहून दिलं होतं, आणि पुस्तिकेच्या चारशे प्रती निघणार होत्या.

आणि मग पाव आठवला. आठवला म्हणजे वास आला. प्रतीक्षा आठ वर्षांची होती. कृष्णनाथ त्या काळी पेन्सिलीच्या रेघा रबरानं खोडत नसे, जुन्या साहेबांनी शिकवल्याप्रमाणे पाववाल्या पोदेराकडचा ताजा उंडो मोडून आतला मऊ गाभा घ्यायचा, त्याची गोळी करायची आणि तिनं कागद पुसायचा, कागदाची लव जात नाही. एका रविवारी तो अंघोळ करून आला तर पोरगी टेबलावर ओणवी. बापाच्या नावाखाली तिनं रेघ ओढली होती आणि सगळ्यात कडक पेन्सिल दाबून दाबून स्वतःचं नाव लिहिलं होतं. शेजारी आणखी एक रेघ, आणि तिथं 'बाबलो'. बाबलो म्हणजे घरचा बोका. तो रागावला नव्हता, हे त्याला पक्कं आठवतं. तो हसला होता, विमलाला बोलावून दाखवलं होतं, आणि मग उंडो आणायला तिलाच पाठवलं होतं. तिनंच गाभा काढून दिला, तिनंच गोळी वळली, आणि त्यानं पुसताना ती बाजूला उभी राहून बघत होती. कण फुंकून टाकायला तिला आवडायचं म्हणून ते काम तिला दिलं होतं. तिनं फुंकलं. स्वतःचं नाव स्वतः फुंकून टाकलं पोरीनं, आणि आपण म्हणालो, शाबास.

डिचोलीच्या स्टँडवर उतरल्यावर तो घरी जायच्या ऐवजी उगीचच बाजारातून एक फेरी मारून आला. पूर्वी या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ इतकी असायची की दुकानदार वांग्यांवरून फडकं मारायचे. तेव्हा तो रोज दहा ट्रकांमधून वाट काढत कचेरीत जायचा आणि डोंगर आतून कसा आहे ते कागदावर काढायचा. जे दिसत नाही ते काढणं हाच धंदा होता की आपला, त्याच्या मनात आलं, मातीखालचा थर बरोबर सापडायचा आपल्याला. मग त्याला प्रभावतीबाय आठवली आणि तो भर बाजारात थांबला. प्रभावतीबाय म्हणजे गौरेशची थोरली बहीण, पेडण्याला दिलेली, सत्तरीची. गौरेश दोन वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा दहा वर्षांच्या या मुलीनं त्याला कमरेवर घेऊन वाढवला. शाळेतसुद्धा कमरेवर घेऊन जायची. आणि त्या कागदावरचे दोनशे चौदा पुरुष कुठून आले? तिच्या तोंडातून. पंचवीस वर्षांपूर्वी तीन दिवस तो तिच्या पडवीत वही घेऊन बसला होता, आणि ती तांदूळ निवडता निवडता सांगत होती, कोण कोणाचा, कुठल्या संक्रांतीला झाला, कुठल्या चवथीला गेला, एकदाही न अडखळता. तिसऱ्या दिवशी जेवायला वाढताना तिनं विचारलं होतं, "जाला मां रे सगळा? कोण रवला नाय मां?" आणि त्यानं वहीवर हात ठेवून सांगितलं होतं, कोण नाय बाय, सगळे इले.

घरी विमलानं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पान वाढलं. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आता त्या रशियेच्या चेडवांका परत हाडूचा?"

"हाडूचा."

"त्र्याहत्तर?"

"त्र्याहत्तर."

"आणि आपल्या एका चेडवाक?" तिनं ताटात आमटी वाढली. महिनाभर ती त्या खोलीत झाडू मारत होती. त्याला वाटलं होतं तिला तो गोल दिसला नसेल. मग ती म्हणाली, "खा. थंड जाता." विमलाची सगळी भांडणं याच वाक्यावर संपतात आणि बहुतेक वेळा ती जिंकलेली असते.

प्रतीक्षा पाचला आली ती पिशवीभर बातम्या घेऊन. गालिनाला तिनं सगळं सांगून टाकलं होतं. गालिना इतकी हसली की तिला खुर्ची लागली, आणि मग तिनं निरोप दिला होता, की घाई नाही, पण माझ्या वर्गात अकरा मुलं, त्यांतल्या नऊ मुली, त्या भिंतीपाशी आल्या आल्या अनास्तासिया शोधणार, तेव्हा तेवढी एक तरी सापडू दे. कृष्णनाथ रशियाचा कागद तिच्यापुढे उलगडायला लागला, पण ती त्याच्या खांद्यावरून टेबलाकडे बघत होती. उतरतं ऊन खिडकीतून आडवं त्या शीटवर पडलं होतं. ती जवळ गेली. कृष्णनाथला आपलं नाव कुठं आहे ते तिला सांगावं लागलं नाही, तिचं बोट सरळ तिथंच गेलं.

"ह्या काय?" ती म्हणाली. मग तिला कळलं. लहानपणापासून या घरात वाढलेली मुलगी, गोल म्हणजे काय हे तिला कोण सांगणार. तिनं मान वाकडी करून नीट बघितलं. "गोल बाकी बरो काढल्यात, बाबा," ती म्हणाली. "सरळ कंपासान?"

"हातान," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. त्याला फार वाईट वाटलं. चौसष्टाव्या वर्षी माणसाला इतकं वाईट वाटू शकतं याची त्याला कल्पना नव्हती. तिनं वळून त्याच्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा घाबरल्यासारखा झाला, कारण बापाला तिनं असं कधी बघितलं नव्हतं. "अशे काय करतात," ती म्हणाली. "माका काय जावचा आसा त्या पुस्तकात? चारशे लोक वाचतले आणि आपलाच नाव सोदतले." पण ती पुन्हा शीटवर वाकली, डोळे बारीक केले, नाक जवळजवळ कागदाला लावलं, आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "बाबा. बाबलो आसा हयसर."

तो वाकला. पावानं शिसं जातं, खाच जात नाही. कडक पेन्सिलीनं दाबून लिहिलेलं, तेवीस वर्षांपूर्वीचं, वरून बघितलं तर कोरा कागद. पण आडव्या उन्हात प्रत्येक अक्षराला स्वतःची सावली होती. गोलाच्या खाली रेघ, रेघेच्या खाली आठ वर्षांच्या हाताचं 'प्रतीक्षा', शेवटचा काना तिरका. बाजूला बोका. या जागेवर त्यानं गेल्या महिन्यात भिंग धरून काम केलं होतं, पण ते दिव्याखाली, वरून.

सकाळी चहा व्हायच्या आत तो टेबलाशी बसला. गोल खरवडायचा नाही हे त्यानं ठरवलं होतं. ब्लेडनं खरवडलं की कागद फुलतो आणि शाई पसरते. गोल राहू दे, फांदीला डोळा असतो तसा, तिथूनच फुटवा येतो. त्यानं बारीक निबचं पेन घेतलं आणि खाचेत शाई सोडली. शाई आपली आपण वाट काढत गेली. छापल्यासारख्या दोनशे चौदा नावांत ते एक नाव वेडंवाकडं, मोठं, उजवीकडे कलणारं उमटलं, आणि त्याला सुधारायचा मोह झाला नाही असं नाही, काना सरळ करावा असं फार वाटलं. त्यानं केला नाही. मग बाजूच्या खाचेकडे बघून तो थोडा थांबला, स्वतःशी हसला, 'बाबलो'च्या अक्षरांतही शाई सोडली आणि नियमाप्रमाणे तुटक रेघ घातली.

गौरेश नवाला आला, स्कूटर लावून, हातात प्लास्टिकची लांब नळी. चष्मा बदलून त्यानं कागद वरून खाली तपासायला घेतला, वयलें घर, मदलें घर, पिढ्यांवरून बोट सावकाश खाली येत होतं. प्रतीक्षा दारात कपबशा घेऊन उभी. बोट कृष्णनाथपाशी आलं आणि थांबलं. गौरेशनं आधी प्रतीक्षाकडे बघितलं, मग दादाकडे. तोंड उघडलं. मग त्याला बाजूची तुटक रेघ दिसली.

"दत्तक घेतलंस?" तो म्हणाला. "केवां? माका बोलूक नाय ता?" त्याच्या तोंडावर खराखुरा आनंद पसरला होता. "बरां केलंस, दादा. म्हणजे शाखा खुंटाक नाय. ह्यो बाबलो खयचो? साखळेचो?"

हसू दाबताना प्रतीक्षाच्या हातातल्या बशा वाजायला लागल्या. एवढंच होतं, कृष्णनाथच्या मनात आलं. आता गप्प बसलं की झालं. समिती खूश, मुलीचं नाव दत्तकाच्या आडोशानं छापून जाईल, आणि पुढच्या शंभर वर्षांत कुणी बाबलोची चौकशी करणार नाही. चौदा वर्षांच्या राजाला दोन वर्षांचा मुलगा चालतो तर आपल्याला बोका का चालू नये? पण त्याला दिपालीचं बोट दिसलं, आणि बोटाखालचा चार बोटं कोरा कागद.

"बाबलो बोको होतो," तो म्हणाला. "मरान बारा वर्सां जाली. ती गंमत. शाखा हिची. प्रतीक्षाची. ता नाव रवतला, गौरेश. नाय तर माझाय काड."

गौरेशनं चष्मा काढला. त्याच्या मनात काय चाललं आहे ते कृष्णनाथला दिसत होतं, समिती, वयलें घर, लोक काय म्हणतील, सगळं एकापाठोपाठ त्याच्या कपाळावरून जात होतं. चहा आला. गौरेशनं तो बशीत ओतला आणि प्यायचा विसरला. त्याची नजर कागदावर गेली होती, कृष्णनाथच्या नावावरून बाजूला, चुलत्याच्या फांदीवर, जिथं त्याचं स्वतःचं नाव बापाखाली एकटंच, अगदी मध्यावर होतं.

"हे सगळे तुका कोणी सांगले, दादा?" त्यानं विचारलं.

"प्रभावतीबायन. तीन दीस बसान."

गौरेशनं मान हलवली. त्याला ते माहीत होतं, त्याला फक्त ऐकायचं होतं. त्यानं नळीचं झाकण पुन्हा लावलं, रिकाम्या नळीचं, आणि ती भिंतीला टेकवून ठेवली. मग आपल्या नावाच्या डावीकडे, जिथं तसूभरही जागा नव्हती, तिथं त्यानं बोट ठेवलं.

"बाय थोरली," तो म्हणाला. "तिका हयसर घाल. माका वायच उजवेक सरकय."